अंगणाला सिमेंट नको, हरळी हवी

गेल्या महिन्यात आमच्या पॅरिश कौन्सिलपुढे एक ठराव आला. चर्चच्या मागचे आणि धर्मगुरू निवासासमोरचे सगळे अंगण सिमेंटचे ठोकळे बसवून पक्के करावे, असा तो ठराव होता. मांडणाऱ्या बांधवांचा हेतू चांगलाच होता. पावसाळ्यात चिखल होतो, मिस्साला येणाऱ्या बायकांच्या साड्या भरतात, मुले चिखलाच्या पायांनी चर्चमध्ये शिरतात. आणि या सगळ्याला कारण म्हणजे फादरांचे दोन कुत्रे, त्यांनी अंगणात गवताची काडी म्हणून शिल्लक ठेवली नाही, असे ते म्हणाले. शेवटच्या वाक्याला सभेत हशा पिकला. आम्हीही हसलो. पण ठरावावर लगेच हात वर करवले नाहीत. महिनाभराचा अवधी मागून घेतला.

हा लेख म्हणजे त्या ठरावाला आमचे उत्तर आहे. ते या पानावर छापण्याचे कारण असे की, हा प्रश्न एकट्या चर्चच्या अंगणाचा राहिलेला नाही. बेळगाव-खानापूर रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या आमच्या गावांत घरटी एक तरी कुत्रा आहे. शेताची राखण, गोठ्याची राखण, रात्रीची सोबत त्याच्यावरच आहे. आणि आता घरामागून घर सारवलेले अंगण मोडून सिमेंट ओतत चालले आहे. विचारले तर उत्तर ठरलेले, "फादर, कुत्र्यापुढे काय टिकतंय?"

टिकते. बरेच काही टिकते. पण त्यासाठी काय कुठे लावायचे हे कळावे लागते. आम्हाला ते ठेच लागल्यावर कळले.

आधी आमचा दोष

तीन वर्षांपूर्वी आमच्या आश्रयदात्या संताचा सण मोठ्या प्रमाणावर व्हायचा होता. अंगण चांगले दिसावे म्हणून आम्ही रोपवाटिकेतून कोरियन गवताच्या चौकोनी लाद्या आणून बसवल्या. दिसायला ते मखमलीसारखे होते. पण त्या जातीची वाढ फार सावकाश होते. एकदा उखडले की भरून यायला महिने लागतात, हे आम्हाला कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. आठ दिवसांत आमच्या राजाने फाटकापासून विहिरीपर्यंत त्याच्या रोजच्या फेरीची वाट त्या मखमलीतून पाडली. दोन ठिकाणी खड्डे उकरले. मोती ही कुत्री जिथे बसायची तिथे ताटाएवढे पिवळे डाग पडले.

आम्हाला राग आला. सणापर्यंत म्हणून आम्ही राजाला साखळी घातली. सण झाला, पण साखळी सुटली नाही. गवत पुन्हा धरेपर्यंत राहू दे, असे म्हणत दोन महिने गेले. मोकळा असताना सगळ्यांच्या पायांत घोटाळणारा तो कुत्रा माणूस दिसले की दात दाखवू लागला. एका सकाळी सामानखोलीची किल्ली न्यायला आलेला वेदीसेवक त्याच्याजवळून गेला आणि राजाने त्याची पोटरी फोडली.

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुतली आणि मुलाला तडक सरकारी दवाखान्यात नेले. राजाला वेळच्या वेळी लस दिलेली होती, तरी मुलाची इंजेक्शने ठरल्या दिवशी पुरी केली आणि कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवली. मुलगा बरा झाला, देवाची कृपा. पण त्याच्या आईने आम्हाला जे सुनावले ते आम्ही विसरलेलो नाही. "कुत्र्याला कशाला बोलता फादर? बांधून बांधून तुम्हीच त्याला खुळा केलासा की!"

तिचे खरे होते. चुकीचे गवत आम्ही आणले, त्याची शिक्षा कुत्र्याला दिली आणि भोगली एका पोराने. म्हणून आज कोणी कुत्र्यामुळे अंगण बंद करू या म्हणाले, की आम्हाला ती साखळी आठवते.

कुत्रा अंगणात काय करतो ते आधी पाहा

झाड निवडण्यापूर्वी चार दिवस नुसते पायरीवर बसून कुत्र्याकडे पाहावे. तो अंगणभर सारखा फिरत नाही. त्याच्या सवयी ठरलेल्या असतात. फाटक आणि कुंपणाच्या कडेने तो राखणीची फेरी घालतो; ती वाट हातभर रुंद असते आणि रोज तीच असते. दुपारी तो गार सावलीत माती उकरून बसतो. लघवीला त्याचे खांब आणि कोपरे ठरलेले असतात. उरलेले अंगण, म्हणजे बहुतेक तीन हिस्से, तो कधीमधी धावण्यापलीकडे वापरत नाही.

म्हणजे अंगणाचे तीन भाग झाले. एक, जिथे कोणतीही वनस्पती टिकणार नाही. दोन, जिथे ऊन आहे आणि वर्दळ आहे. तीन, जिथे सावली किंवा ओल आहे. सगळीकडे एकच गवत लावणे ही आमची पहिली चूक होती.

राखणीच्या वाटेवर काही लावूच नका. तिथे मुरूम दाबून घ्यावा, किंवा जांभ्याचे सपाट तुकडे मध्ये बोट-दोन बोटे जागा सोडून बसवावेत. कुत्र्याशी त्या हातभर पट्ट्यावरून भांडू नये. नराला लघवीसाठी एका कोपऱ्यात खडी टाकून एक लाकडी खुंट रोवून द्यावा. काही दिवसांत तो खुंट त्याचा होतो आणि तुळस, जास्वंद वाचतात. बसायला मांडवाखाली किंवा झाडाखाली जाड वाळूचा वाफा द्यावा. उकरायची हौस तो तिथे भागवून घेतो. मात्र ती वाळू रोज झाडावी आणि अधूनमधून उन्हात पसरावी. त्याचे कारण पुढे येईलच.

उन्हात हरळी

आता उन्हाच्या, वर्दळीच्या जागेचे सांगतो. तिथे आमचे मत स्पष्ट आहे: हरळी. शेजारचे हिंदू बांधव जिच्या दुर्वा गणपतीला वाहतात तीच, कानडीत जिला गरिके म्हणतात तीच.

हे वाचून शेतकरी बांधव कपाळाला हात लावतील, हे आम्ही जाणतो. उसातली हरळी काढता काढता बापजाद्यांच्या कमरा मोडल्या आणि फादर ती लावायला सांगतात! पण ज्या गुणामुळे ती शेतात वैरीण ठरते तोच गुण अंगणात उपयोगी पडतो. हरळीचे धुमारे जमिनीवरही पळतात आणि जमिनीखालीही. वरून कुत्र्याने ओरबाडले तरी खालच्या पेरांतून ती पुन्हा फुटते. पायदळी तुडवली तर उंच न वाढता जमिनीलगत पसरते. एप्रिलमध्ये वाळून तांबूस होते, मेलीशी वाटते आणि वळवाच्या दोन सरींत हिरवी होते. कुत्र्याने चार काड्या खाल्ल्या तरी भय नाही. तसेही पोट बिघडल्यावर तो हीच शोधत जातो.

लागवड जूनमध्ये, पहिला चांगला पाऊस पडून गेल्यावर करावी. जमीन वीतभर खणून ढेकळे फोडावीत, कुजलेले शेणखत मिसळावे. हरळीचे दोन-तीन पेरांचे तुकडे वीतभर अंतरावर आडवे दाबावेत, शेंडा वर ठेवावा. पावसाच्या ओलीवर दोन महिन्यांत जमीन झाकली जाते. एवढे दोन महिने मात्र कुत्रा तिथे जाता कामा नये. त्यासाठी साखळी नको. अंगणाचे दोन भाग करा, अर्ध्याला कामट्यांचे कुंपण घाला आणि उरलेले अर्धे कुत्र्याला मोकळे ठेवा. दुसऱ्या पावसाळ्यात उरलेले अर्धे लावा. आम्ही तसेच केले. दोन वर्षे लागली, पण साखळी लागली नाही.

हरळी भाजीच्या वाफ्यात किंवा शेतात शिरू नये म्हणून त्या बाजूला जांभ्याचे चिरे फूटभर खोल उभे गाडावेत आणि दर पंधरवड्याला कडेने नजर फिरवावी. चिरा ओलांडलेला धुमारा कोवळा असतानाच ओढला की निघतो. आळस केला तर कुदळ घ्यावी लागते.

सावलीत आणि ओलीत

हरळीला सावली सोसत नाही. आंब्या-फणसाखाली ती लावून पैसे आणि पावसाळा फुकट घालवू नये. विरळ सावलीत रुंद पानाचे कार्पेट गवत बरे येते. ते बिनदेठाचे, जाड दिसते, कोवळे ऊन मिळाले तरी पुरते. मात्र त्याला उन्हाळ्यात पाणी द्यावे लागते आणि हरळीइतकी दांडगाई ते सोसत नाही.

दुसरा पर्याय पिंटो भुईमूग. मूळचा ब्राझीलचा हा वेल आपल्या भुईमुगाचा भाऊबंद आहे. पिवळी फुले येतात, वर्षभर हिरवा राहतो, आणि शेंगवर्गातला असल्याने आपल्या मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र मिळवतो. तो विषारी नाही, गुरेही खातात. धावत्या वाटेवर तो टिकत नाही, पण भिंतीच्या कडेला, नारळीखाली चांगला पसरतो.

विहिरीजवळ आणि धुण्याच्या दगडापाशी जिथे सदा ओल असते, तिथे जलपिंपळी आपण होऊनही येते. ती आपल्याकडचीच आहे. जमिनीला चिकटून चटईसारखी वाढते, पायदळ सोसते. तिच्या बारीक फुलांवर मधमाश्या येतात. मधमाश्यांना ते चांगले, पण अनवाणी पोरांना नाही. म्हणून मुलांच्या खेळाच्या जागी फुलोरा येताच कापणी करावी. त्याच ओलीत कारिवणाही छान येतो, ज्याला कानडीत ओंदेलग म्हणतात आणि ज्याची चटणी आपल्या घरांत होते. मात्र कुत्रे जिथे फिरतात तिथला कारिवणा खाण्यासाठी खुडू नये. खाण्याचा कुंडीत वेगळा लावावा.

गर्द आंब्याखाली मात्र काहीच येणार नाही. तिथे झाडाचाच पालापाचोळा दोन बोटे जाड पसरून ठेवावा आणि तेवढ्यावर समाधान मानावे.

आता पिवळ्या डागांविषयी. कुत्रीची लघवी विखारी असते म्हणून गवत जळते, असा समज आहे. तो बरोबर नाही. लघवीत नत्र आणि क्षार असतात. नर थोडी थोडी दहा जागी सोडतो, मादी एका जागी बसून सगळी सोडते. एकाच जागी युरियाची मूठ टाकली तर ऊस जसा जळतो तसेच हे आहे. म्हणून डागाच्या कडेने गवत उलट अधिक हिरवे दिसते. उपाय साधा आहे: पाहिल्याबरोबर त्या जागी बादलीभर पाणी ओतावे. कुत्र्याला मीठ, सोडा, व्हिनेगर असले काही पाजू नये.

काय लावू नये

चर्चच्या अंगणात हमखास दिसणारे झाड म्हणजे सायकस. वेदीच्या सजावटीला त्याच्या झावळ्या आपण आवडीने वापरतो. पण त्याचे सगळे भाग कुत्र्याला विषारी आहेत, आणि बिया सर्वांत अधिक. दोन-चार बिया चघळल्याने कुत्र्याचे यकृत निकामी होऊन तो मरू शकतो. आमच्या आवारातला सायकस आम्ही काढला नाही. भोवती जाळी घातली आणि पडलेल्या बिया वेचतो. पण नवा कोणी लावू नये.

कण्हेर, पिवळी असो की गुलाबी, हृदयावर परिणाम करणारी आहे, कुत्र्यालाही आणि पोरांनाही. सदाफुली आणि घाणेरी विषारी. कुंडीतली डिफेनबाखिया चावली तर तोंड व जीभ सुजते. कमी पाण्यात पसरते म्हणून जांभळी ट्रॅडेस्कँशिया आजकाल फार लावतात. तिच्यावर लोळणाऱ्या कुत्र्याच्या पोटाला आणि मांड्यांना खाज सुटू शकते.

वेडेलियाचे वेगळे सांगायला हवे, कारण रोपवाटिकेत ती पहिल्यांदा पुढे करतात. पिवळी फुले, वाढ झपाट्याची, देखभाल शून्य. उष्ण कटिबंधीय अमेरिकेतून आलेली ही वेल जगातल्या सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत आहे. ओढ्याकाठी एकदा सुटली की दुसरे काही उगवू देत नाही. शिवाय ती गुडघाभर दाट होते. घोणस आणि नाग असलेल्या आपल्या भागात जमीन न दिसणारे झाकण दाराशी नको. आमचा नियम असा: अंगणातले कोणतेही आच्छादन घोट्याच्या वर जाऊ देऊ नये. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी विळा फिरलाच पाहिजे.

काही तणे आपण लावत नाही, ती येतात. कुसळी गवताची कुसळे कुत्र्याच्या कानात आणि बोटांच्या बेचक्यात शिरतात आणि आत आत जाऊन पू करतात. ती पिकण्याआधीच कापावीत. काँग्रेस गवत, म्हणजे गाजर गवत, १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेस आले आणि आज देशभर आहे. त्याने माणसाच्या कातडीला खाज सुटते आणि काहींना दमाही होतो. ते फुलावर येण्याआधी हातमोजे घालून मुळासकट उपटावे. उघड्या, तुडवलेल्या जमिनीतच ते फोफावते. हरळीची दाट चटई असेल तर त्याला सहसा शिरकाव मिळत नाही.

आणि खत. एरंडीची पेंड अंगणात टाकू नका. तिच्या वासाला कुत्रा भुलतो, ती खातो, आणि एरंडीचे विष त्याला मारते. शेणखत पुरेसे आहे. उंदराचे औषध आणि दाणेदार कीटकनाशके कुत्रा फिरतो त्या जमिनीवर कधीच टाकू नयेत.

आरोग्याचे काय?

"गवत म्हणजे गोचिड, आणि कुत्रा म्हणजे जंत, सिमेंट स्वच्छ," हा ठराव मांडणाऱ्यांचा दुसरा मुद्दा होता. तो गंभीर आहे, म्हणून त्याचे नीट उत्तर देतो.

घरच्या कुत्र्यावर आढळणारी तपकिरी गोचिड मुख्यतः गवतात राहत नाही. ती भिंतीच्या फटीत, कौलाखाली, कुत्र्याच्या खोपटाच्या सांध्यांत लपते आणि मादी तिथेच हजारो अंडी घालते. म्हणजे अंगण सिमेंटचे केले आणि भिंतीच्या भेगा तशाच ठेवल्या, तर गोचिडीचे काहीच बिघडत नाही. भेगा बुजवा, खोपट उन्हात काढा, आणि पशुवैद्यांनी दिलेले औषध कुत्र्याला वेळेवर लावा. माकडतापाची गोचिड निराळी. १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यात त्या रोगाचा प्रथम शोध लागला आणि २०१६ साली आपल्या शेजारच्या दोडामार्गात त्याची साथ आली. पण ती गोचिड जंगलातली आहे. रानात गेलेल्या माणसाने अंग झाकावे आणि परतल्यावर कपडे गरम पाण्यात धुवावेत, हा त्यावरचा उपाय. अंगणात सिमेंट ओतणे हा नव्हे.

जंतांची गोष्ट मात्र खरी आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या एका मुलाच्या तळपायावर लाल, नागमोडी रेघ उठली होती आणि ती रोज थोडी पुढे सरकत होती. रात्री खाजेने तो झोपत नसे. डॉक्टरांनी पाहताच सांगितले, कुत्र्याच्या आकडेकृमीची अळी कातडीत शिरली आहे. औषधाने तो बरा झाला. ती अळी कुत्र्याच्या विष्ठेतून येते आणि ओलसर, सावलीच्या मातीत किंवा वाळूत जगते. कडक उन्हात, कोरड्या जमिनीत मरते. म्हणून आम्ही वर म्हटले की कुत्र्याची वाळू झाडावी आणि उन्हात पसरावी.

आता प्रामाणिकपणे सांगायचे तर हरळी जंत मारत नाही. जंत थांबतात ते विष्ठा रोज उचलल्याने. ताज्या विष्ठेतून रोग लगेच लागत नाही. आकडेकृमीच्या अंड्यातून अळी निघून ती कातडीत शिरण्याजोगी व्हायला साधारण आठवडा लागतो. गोलकृमीच्या अंड्याला दोन आठवडे किंवा अधिक, पण ते एकदा तयार झाले की मातीत वर्षानुवर्षे टिकते. म्हणजे रोज सकाळी खुरपे घेऊन पाच मिनिटे फिरणाऱ्या घरात हा रोग सुरूच होत नाही. विष्ठा विहिरीपासून दूर खड्ड्यात पुरावी, भाजीच्या खतात घालू नये. मोठ्या कुत्र्याला साधारण तीन महिन्यांनी जंताचे औषध द्यावे. पिलांना जन्मापासूनच जंत असू शकतात, त्यांना दोन आठवड्यांच्या वयापासून पशुवैद्यांच्या सल्ल्याने द्यावे. रेबीजची लस दर वर्षी. मुलांच्या पायांत चप्पल. हे सगळे सिमेंटच्या अंगणातही करावेच लागते. न उचललेली घाण सिमेंटवर पडून राहिली तर पहिल्या पावसात वाहून शेजाऱ्याच्या दारात जाते, एवढाच फरक.

सिमेंटने काय जाईल

एक हिशेब करून पाहा. एक हजार चौरस फुटांच्या अंगणावर पंचवीस मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे २,३०० लिटर पाणी येते. बेळगावात वर्षाला १,२०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. म्हणजे त्या एवढ्याशा अंगणावर वर्षात एक लाख लिटरांहून अधिक पाणी पडते. हरळीतून त्यातले पुष्कळ जमिनीत मुरते. सिमेंटवरून ते गटारात जाते. ज्यांच्या विहिरी मार्चअखेर तळ दाखवतात आणि ज्यांच्या बायका एप्रिलमध्ये टँकरपुढे घागरी घेऊन उभ्या राहतात, त्यांनीच स्वतःच्या दारातले पाणी वाटेला लावावे, हे आम्हाला पटत नाही.

मे महिन्यातल्या दुपारी सिमेंटवर अनवाणी उभे राहून पाहावे. कुत्रा तिथे चोवीस तास अनवाणीच असतो. त्याला अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून आणि गार जमिनीला पोट लावून अंग निववतो. सिमेंट केलेल्या घरचा कुत्रा मग ओसरीवर येतो, ओसरीवर आला की ओरडा खातो आणि शेवटी बांधला जातो. तिथून पुढे काय होते ते आम्ही वर लिहिलेच आहे.

विरुद्ध बाजूलाही न्याय द्यायला हवा. म्हाताऱ्या माणसांना, चाकांच्या खुर्चीला, अंत्यविधीच्या वेळी शवपेटी खांद्यावर घेणाऱ्यांना पक्की, न घसरणारी वाट हवीच. फाटकापासून चर्चच्या दारापर्यंत पाच फूट रुंदीची फरसबंदी करण्याला आमची पूर्ण संमती आहे. ती खरे तर यापूर्वीच व्हायला हवी होती. चिखलाच्या तक्रारीतला मोठा भाग तेवढ्याने मिटेल. पण वाट पक्की करणे वेगळे आणि अंगण बुजवणे वेगळे.

आम्हाला वाटते, सिमेंटचा ओढा स्वच्छतेपेक्षा सुटकेचा आहे. रोज झाडायला नको, उपटायला नको, उचलायला नको. माणसे शहरात कामाला जातात, घरात हात कमी झाले आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. पण उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने मनुष्याला बागेत ठेवले ते तिची मशागत व राखण करण्यासाठी. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या विश्वपत्रात साऱ्या पृथ्वीविषयी हेच काम आपल्याला पुन्हा सोपवले. साऱ्या पृथ्वीचे आपल्या हातून काय होईल ते होवो. दारापुढचे अंगण तरी आपल्या हातात आहे.

आणि कुत्रा? तोबीतच्या पुस्तकात तरुण तोबिया दूतासह लांबच्या प्रवासाला निघतो, तेव्हा घरचा कुत्रा त्यांच्यामागून जातो आणि परतीच्या वाटेवरही तो सोबत असतो. तो कथेत काहीच करत नाही. तरी पवित्र लेखकाने त्याला गाळले नाही. घर, वाट आणि माणूस यांच्यामध्ये त्याची जागा आहे, एवढे त्यावरून समजावे.

तेव्हा पुढच्या बैठकीत आम्ही हा पर्याय मांडणार आहोत: वाट पक्की करावी, अंगण हरळीचे ठेवावे, आणि विष्ठा उचलण्याचे खुरपे धर्मगुरू निवासाच्या दाराशी टांगलेले असावे. ते पहिल्यांदा आम्ही उचलू, कारण कुत्रे आमचे आहेत. ज्यांना आपल्या अंगणासाठी हरळी हवी त्यांनी जूनमधल्या पहिल्या चांगल्या पावसानंतरच्या रविवारी सकाळच्या मिस्सानंतर रिकामे पोते घेऊन यावे. आमच्याकडे भरपूर आहे. कोरियन गवताच्या लाद्या मात्र उरलेल्या नाहीत; राजाने तो हिशेब केव्हाच चुकता केला. साखळी आम्ही विहिरीच्या बादलीला लावली आहे.